धाब्याची डागडुजी: काम आणि बोलणं

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज धाब्याची, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपराची, पाहणी. घर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. चार खणांचं, आजोबांच्या काळातलं. पुढचे दोन खण ओसरी आणि माजघराचे, मागचे दोन स्वयंपाकघर आणि धान्याच्या खोलीचे. भिंती मातीच्या, दीड हात रुंद. सर (मुख्य तुळया) आणि कड्या सागाच्या, त्यावर किलचन (आडव्या लाकडी पट्ट्या), किलचनावर निंबाचा पाला, मग गाऱ्याचा थर आणि सगळ्यांत वर खारी, म्हणजे खारवट माती. गेल्या पावसाळ्यात मागचे दोन्ही खण ठिबकले. मायने ज्वारीची पोती दोनदा हलवली आणि आम्हाला दिवाळीपर्यंत कळू दिलं नाही.

जिभाऊंना बोलावलं. धाब्याचं काम करणारे आता पंचक्रोशीत मोजकेच उरले, त्यांतले हे एक. त्यांनी काठीने प्रत्येक सर ठोकून पाहिला. पुढचे खणखणीत वाजले. मागच्या खोलीतला मधला सर मात्र बद्द वाजला. आत उधई (वाळवी) शिरली आहे.

जिभाऊ अहिराणीत म्हणाले, "आते ह्या सरले पेन्शन द्या."

माय लगेच म्हणाली, "मी बी तितलाच वरीसपाईन उभी शे. पहिले मना नंबर लावा."

आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, वह्या मी लहानपणापासून चाळत आले. बियाणं, खत, मजुरी, लग्नातले आहेर, सगळं पैशांसकट टिपलेलं आहे. पण ज्या वर्षी कपाशी हातची गेली त्या वर्षी घरात काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं आणि त्यावर कोण हसलं, हे त्यात कुठेच नाही. ते बोलणं जपून ठेवायला हवं होतं असं मला फार वाटतं, कारण आमच्या घराने अवघड वर्षं त्याच्याच जोरावर काढली. म्हणून या कामाच्या वहीत डाव्या पानावर काम आणि खर्च, उजव्या पानावर त्या दिवशीचं बोलणं. इथे दोन्ही एकत्र उतरवते आहे.

२७ एप्रिल, रविवार

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले. धुळ्याहून सकाळच्या एसटीने आले.

जिभाऊंबरोबर धाब्यावर चढून एका कोपऱ्यात थर खणून पाहिला. जाडी काही ठिकाणी दीड फुटाच्या आसपास. याचं कारण साधं आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी नवी खारी पडत गेली, जुनी कुणी खरवडली नाही. फूटभर जाडीच्या कोरड्या मातीचंच वजन चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो भरतं, आणि पाणी मुरलं की ते आणखी वाढतं. उधई लागलेल्या सराने एवढं ओझं इतकी वर्षं पेललं, याचंच नवल वाटलं.

मग हिशेब. चारही खण जुन्या पद्धतीने नवे करायचे तर सागाचं लाकूडच परवडत नाही. दादाचं म्हणणं, सगळं पाडून स्लॅब टाकू. पण मातीच्या भिंतींवर स्लॅबचं वजन टाकता येत नाही. त्याला कॉलम हवेत, म्हणजे घर पायापासून नवं बांधायचं. तेवढे पैसे त्याच्याकडे नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. हातात आहे त्यात एवढंच बसतं: पुढच्या दोन खणांचं ओझं कमी करून नवा गारा आणि खारी, मागच्या दोन खणांचं धाबं उतरवून पत्रे.

दादाला सुरतला फोन लावला. तो कापड बाजारात आहे, दुपारी दुकानात गर्दी असते, म्हणून रात्री बोललो. तो म्हणाला, "आपलं काय, पत्ता बदलला की घर बदललं." वहिनी हसल्याचं ऐकू आलं. मग त्याने हवापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला. पैशाचं, यायचं, काहीच ठरलं नाही.

माय मात्र पत्र्यांना तयारच नाही. "मागला खणले हात लावना नही," एवढंच धरून बसली आहे.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज काम नाही. आखाजीला आमच्याकडे कुदळ हातात कोण घेणार? सालदारांचं (वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्यांचं) जुनं साल संपून नवं ठरायचं तेही याच सणाला. निंबाला झोके बांधले आहेत. गल्लीतल्या सासुरवाशिणी आल्या आहेत. दुपारी ऊन चव्वेचाळीसच्या घरात असेल, तरी झोका काही रिकामा राहिला नाही. शिरपूरला दिलेली चुलतबहीण झोक्यावरून म्हणाली, सासरी बसायला मिळत नाही, आणि इथे बसले तर पाय जमिनीला टेकत नाहीत. ती हसत होती, आणि तिच्या सासरी काय चाललं आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर चुलती म्हणाली, "मंग चार दिवस ज्यादा टेकू नको." त्या एका वाक्यात तिचा माहेरचा मुक्काम वाढला. तिच्या घरी फोन करायचं कामही चुलतीने स्वतःकडे घेतलं.

सकाळी मायने पितरांची घागर भरली. घागरीवर खरबूज, बाजूला सांजोऱ्या, आमरसाची वाटी, खापरावरची पुरणपोळी. हात जोडून ती आप्पांना म्हणाली, "रस खाई ल्या. पन येताना धाबावर पाय देऊ नका. सर नाजूक शे."

घरभर हशा पिकला. चुलतीने हसता हसता डोळे पुसले. मायही हसली, आणि पूजा आटोपल्यावर मला म्हणाली, "जिभाऊले सांग, मागलं धाबं उतराव." आम्ही तिला वजन समजावलं होतं, उधई दाखवली होती, पत्र्यांच्या किमती सांगितल्या होत्या. तिला ते कळत नव्हतं असं नाही. पण ते धाबं आप्पांनी स्वतःच्या हाताने शेवटचं लिंपलं होतं, आणि ते उतरवायची गोष्ट आप्पांच्या कानावर घालायची राहिली होती. ती आज तिने घातली, तिच्या पद्धतीने.

३ मे, शनिवार

काम सुरू. शाळेला कालपासून सुट्टी लागली, त्यामुळे आता मी इथेच.

आधी मागच्या सराला खालून टेकू दिले. मग माती दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उतरवायला घेतली. एकाच बाजूने काढली तर वजन एकीकडे कलतं आणि भिंत फुगते. जिभाऊ हे मजुरांना सारखं बजावत होते. काढलेली माती फेकायची नाही. चाळून, ढेकळं फोडून ढीग लावला, ती गाऱ्याला परत वापरायची आहे.

ऊन असं की अकरा वाजता काम थांबवून साडेचारला पुन्हा. जिभाऊंचा मुलगा मदतीला येतो, तो आज उशिरा आला. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे, रात्रभर तो केळीला पाणी देत होता. वडील रागावले तर म्हणाला, "रातले लाइट, दिवसले ऊन. झोप कोनता खातामा टाकू?" जिभाऊंनी काही न बोलता त्याला सावलीतलं माती चाळायचं काम दिलं आणि स्वतः वर चढले.

७ मे, बुधवार

मागचे खण उघडे, आणि संध्याकाळी वादळी पाऊस. आधी धुळीचा लोट आला, निंबाच्या फांद्या पडल्या, मग टपोरे थेंब. ताडपत्री एका बाजूने उडाली. धान्याची पोती आधीच ओसरीत आणली होती, म्हणून ज्वारी वाचली. स्वयंपाकघरात मात्र चिखल झाला. चाळलेल्या मातीचा ढीग निम्मा वाहून अंगणात पसरला.

शेजारपाजारचे धावत आले. सगळे गप्प होते. माय बादल्या मांडत होती, ती म्हणाली, "नळले आठ दिवस लागतस. हाई तं बिगर बलावता उनं." (नळाला पाणी यायला आठ दिवस लागतात, हे तर न बोलावता आलं.) तेव्हा कुठे सगळे सैल झाले. चुलती घरून घमेली घेऊन आली, पोरांनी चिखल काढायला सुरुवात केली. रात्री त्यांच्याकडेच जेवलो, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

या परिसरात केळीच्या बागा आडव्या झाल्या आहेत. आपलं नुकसान त्यापुढे लहान आहे, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

८ मे

मजूर नाहीत. अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ, वैशाखातली एकादशी. जिभाऊ आधीच सांगून गेले होते की रथाच्या दिवशी आणि पौर्णिमेच्या पालखीला कामावर येणार नाही. दोन्ही तारखा मी आराखड्यात पहिल्यापासून सोडल्या आहेत. नदीच्या पात्रात भरणारी यात्रा सोडून कुणी गारा तुडवत बसावं असं मलाही वाटत नाही. संध्याकाळी मायला घेऊन जाऊन आले.

१४ मे, बुधवार

खारी आली, दोन ट्रॉल्या. तलाठ्यांना विचारून गावाबाहेरच्या खारवट पडीतून.

जिभाऊंनी ती घ्यायच्या आधी पारखली. मुठीएवढ्या मातीची वाटी वळली, दगडावर ठेवून तीत पाणी ओतलं आणि रात्रभर तशीच सोडली. सकाळी पाणी होतं तेवढंच, खालचा दगड कोरडा. खाऱ्या मातीत सोडियमचे क्षार जास्त असतात. पाणी लागलं की तिचे बारीक कण सुटे होतात आणि छिद्रं बुजवून टाकतात. पावसाची पहिली सर पडली की धाबं आपोआप बंद होतं ते त्यामुळेच. शिवाय क्षारामुळे वर गवत धरत नाही. काळी माती टाकली असती तर उन्हाने भेगाळली असती आणि पावसाने तिच्यात तण माजलं असतं. आमच्या आज्यांना रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण वाटीची परीक्षा त्यांना येत होती. ती जिभाऊंनंतर कुणाला येणार, याची मला मनापासून काळजी आहे. त्यांच्या मुलाला मी ती स्वतः करायला लावली आणि फोनवर चित्रीकरणही करून ठेवलं.

गारा भिजत घातला आहे: जुनी माती, यंदाच्या गव्हाचा भुसा, शेण. रोज तुडवायचा आणि मुरू द्यायचा. पुढच्या खणांची खारी खरवडून झाली. दोन किलचनं बदलली, बाकी लाकूड नव्यासारखं आहे. वर निंबाचा ओला पाला अंथरला.

मागचा सर उतरवला तेव्हा कळलं की उधईने फक्त भिंतीतलं टोक खाल्लं होतं. निम्म्याहून जास्त लाकूड चांगलं आहे. सुतार म्हणाला, यात ओसरीतला बाक सहज निघेल. माय म्हणाली, "पेन्शनवाला पुन्हा कामले लागना."

१९ मे, सोमवार

आज समोरच्या नानांविषयी लिहायचं आहे.

त्यांच्या घरात गेल्या दिवाळीपासून कापूस भरून आहे. निजायची खोली छतापर्यंत भरलेली, माणसं ओट्यावर झोपतात. २०२२ मध्ये भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, तेव्हापासून खान्देशात अनेकांनी कापूस घरात थांबवायला सुरुवात केली. यंदा हमीभाव मध्यम धाग्याला ७१२१ आणि लांब धाग्याला ७५२१, आणि घरी येणारा व्यापारी त्याच्याही खाली मागतो. शनिवारी नाना आमचा गारा बघायला आले. जिभाऊंनी कापसाचं विचारलं. नाना म्हणाले, "जवाईसारखा बठेल शे घरमा. जाय म्हनता येत नही, ऱ्हाय म्हनता परवडत नही."

आम्ही पोट धरून हसलो. नानाही. आज सकाळी त्यांच्या दारात टेम्पो उभा होता. कापूस मिळेल त्या भावाने गेला. बी-बियाण्याला पैसे हवेत, पाऊस लवकर येणार असं हवामान खातं सांगतं आहे, आणि वादळात एकदा खोलीत पाणी शिरलंच होतं. मला वाटतं, नानांचा निर्णय शनिवारीच झाला होता. तीन वर्षांची आशा सोडून देतो आहे, हे चारचौघांत सरळ सांगणं जड जातं. जावयाचं बोलून त्यांनी ते सांगितलं, आणि आम्ही हसून ते ऐकून घेतलं.

खान्देशी माणूस सगळं हसण्यावारी नेतो, असं बाहेरचे म्हणतात. धुळ्याला आमच्या शिक्षक खोलीतही एकदा हे ऐकलं होतं. मला ते अजिबात पटत नाही. वही उलटून पाहिली की दिसतं: मायने आप्पांना पाय देऊ नका म्हटलं आणि जिभाऊंना निरोप गेला. चुलती 'टेकू नको' म्हणाली आणि सासरी फोन गेला. नळाचं बोलणं झालं आणि घमेली आली. प्रत्येक वेळी हसण्याच्या पाठोपाठ हात हलला आहे. दादाचं पत्त्याचं वाक्य मी याच वहीत लिहिलं आहे, तेही मजेदारच होतं, पण त्यानंतर फोन ठेवला गेला आणि काहीच हललं नाही. ज्याच्यावर हसतो ते दादाला अजून बघायचंच नाही. नानांनी मात्र रोज रात्री ओट्यावर झोपून ते पाहिलं होतं.

दादाला हे असंच लिहून पाठवलं. तो मोठा आहे, राग येईल हे धरून पाठवलं. त्याला उत्तर लिहायला वेळ लागला. मग आलं: "शनिवारी निघतो. सगळे येतोय."

२५ मे, रविवार

दादा, वहिनी आणि पोरं सकाळी भुसावळ पॅसेंजरने उतरली. दादा चहाआधी शिडी चढला. पुढच्या धाब्यावर गाऱ्याचा थर जवळपास सुकलेला, मागे नुसतं आकाश. तो मागच्या भिंतीवर बसून बराच वेळ खाली स्वयंपाकघरात बघत राहिला. मग खाली येऊन मजुरांबरोबर खारी उचलायला लागला.

घाई आहे. मान्सून काल, २४ तारखेला, केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. आमच्या आराखड्यात खारीचा शेवटचा हात जूनच्या पहिल्या आठवड्यात होता. तो आजच सुरू केला. खारी चार बोटं जाड पसरायची, पाणी शिंपडून चोपणीने बडवायची. उतार पन्हाळाकडे आहे की नाही हे जिभाऊ तांब्याभर पाणी ओतून बघतात. पाणी जिथे थबकतं तिथे बोट ठेवायचं आणि तिथली माती पुन्हा ओढायची. दादाच्या धाकट्या मुलीने हे काम हौसेने घेतलं. तिच्या बोटावरून आज निदान पाच-सहा खड्डे भरले.

दुपारी दादा मायला म्हणाला, मी सुरतेत पाचव्या मजल्यावर राहतो, माझ्या डोक्यावर चार बिऱ्हाडं आहेत आणि त्यातलं एकही मला ओळखत नाही. इथे डोक्यावर माती आहे, तिच्यातला भुसासुद्धा आपल्या शेतातला. हे त्याने हसत सांगितलं. लगेच खिशातून पत्र्यांच्या कोटेशनचा कागद काढून निम्मे पैसे देतो म्हणाला. उजव्या पानावर त्याचं बोलणं लिहिलं, डाव्यावर रक्कम.

२७ मे

मान्सून काल मुंबईत, सोळा दिवस आधी. इथेही रात्री पाऊस झाला. पुढचे दोन्ही खण कोरडे. पन्हाळातून आधी पांढुरकं गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. जिभाऊ पहाटेच बघायला आले होते.

स्वयंपाक ओसरीत चालू आहे. पत्रेवाल्याचे लोक पावसामुळे आले नाहीत.

८ जून, रविवार

मागचे पत्रे बसले. लोखंडी अँगलवर, मागच्या अंगणाकडे उतार. पाऊस मध्येच गायब झाला आहे आणि उकाडा परत आला आहे, त्यामुळे पत्र्याचा ताप लगेच कळला. दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. जाड मातीच्या धाब्याखाली दुपारचं ऊन झिरपायला संध्याकाळ होते, पत्र्याखाली ते त्याच क्षणी उतरतं. हा फरक सोसावा लागणार हे ठरवतानाच माहीत होतं, पण माहीत असणं आणि चुलीसमोर उभं राहणं यात अंतर आहे. दादा गप्प झाला. त्याला वाटलं, आपण मायला भट्टीत बसवलं.

माय पत्र्याकडे बघून म्हणाली, "ह्याखाले बिबड्या (ज्वारीचे पापड) एक दिवसमा वाळतीन. वर भाकरी टाक, गॅस बी वाची."

यावेळी सगळ्यांत आधी दादा उठला. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात दिला, चुन्यात डिंक घालून, म्हणजे लवकर धुपणार नाही. नानांच्या शेतातल्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) मोळ्या वर आडव्या बांधल्या, पत्र्यापासून वीतभर उंच, मधून वारा जाईल अशा. संध्याकाळपर्यंत ताप कमी जाणवला. धाब्याएवढा गारवा येणार नाही, येणारही नव्हता. मायने स्वयंपाकाची वेळ बदलली: भाकरी सकाळी आठच्या आत, दुपारचं बसणं-उठणं पुढच्या माजघरात.

बिबड्यांची जागा हा गल्लीतल्या बायकांचा खरा प्रश्न होता. आतापर्यंत निम्म्या गल्लीचे पापड, कुरडया, बिबड्या आमच्या मागच्या धाब्यावर वाळायच्या. पुढचं धाबं नवं आहे, यंदा त्यावर फार चालायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून पाळीपाळीने पुढे वाळवायचं असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं.

१५ जून, रविवार

उद्या शाळा उघडणार, संध्याकाळी धुळ्याला जायचं आहे. दादा गेल्या सोमवारीच परतला.

झालेलं: पुढचे दोन खण पूर्ण. मागे पत्रे, चुना, पऱ्हाट्या. सराच्या लाकडाचा बाक सुताराकडून आला, ओसरीत ठेवला. मायने पहिल्यांदा जिभाऊंना बसवलं. "बठा, आते तुम्हनी पाळी." जिभाऊ म्हणाले, मुलगा वाटीची माती बरोबर वळायला लागला की बसतो.

राहिलेलं: मागच्या भिंतीचा वरचा काठ ७ मेच्या पावसात धुपला, तो लिंपायचा. पत्रा आणि भिंत जिथे भिडतात तिथे एक ठिकाण ठिबकतं, त्याखाली तूर्त बादली. स्वयंपाकघराची जमीन सारवायची. पत्र्याखाली आतून तट्ट्या लावून घेणं दिवाळीनंतर, पैसे आले की. सुताराचे निम्मे पैसे द्यायचे आहेत.

वहीची उजवी पानं डाव्यांपेक्षा लवकर भरली, नवी वही लागेल. ती मायजवळ ठेवून जाते आहे. माय पाचवी शिकलेली आहे, अक्षर मोठं काढते, म्हणून रुंद रेघांची घेतली. पुढच्या खारीची ट्रॉली मार्चमध्येच सांगून ठेवायची. ते काम दादाने घेतलं आहे, ट्रॉलीवाल्याचा नंबर त्याला पाठवला.